फणीच्या पातीचा काटा

हिंदू कॉलनी, दादर
९ जानेवारी २००६

श्री. दत्ताराम पेडणेकर यांस,
नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी मृणालिनी विजयकर, कॅप्टन रघुवीर विजयकरांची मुलगी. बाबांच्या घड्याळाच्या डबीत आपल्या नावाची एक जुनी पावती सापडली. तिच्यावर शेजारच्या वाण्याचा नंबर होता, पुढे नवे आकडे जोडले की तो अजून लागतो याचं नवल वाटलं. वाणी म्हणाला, "पेडणेकरांना ऐकू येत नाही. पत्र टाका. उत्तर दिल्याशिवाय ते कुणाला सोडत नाहीत." म्हणून हे पत्र. दादरहून लालबागला पत्र लिहिताना हसू येतं, पण बाबांना सोडून मला घराबाहेर फार वेळ राहता येत नाही.

विषय घड्याळाचाच आहे. बाबांनी १९६१ साली जिनिव्हाला घेतलेलं, काळ्या तबकडीचं, वैमानिकांसाठी बनवलेलं. भोवती आकडेमोडीची फिरती रिंग आहे. ते विकायचं ठरवलं आहे. फोर्टातल्या एका संग्राहकांना दाखवलं. ते आधी घड्याळावर अगदी लुब्ध झाले, मग भिंग लावून बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मते मधला लांब काटा नकली आहे. मागचं झाकण उघडलं तर आत "द" हे अक्षर आणि तारखा कोरलेल्या निघाल्या, एक-दोन नव्हे, एकोणीस! दोन वर्षांत एकोणीस वेळा उघडलेलं घड्याळ म्हणजे एक तर ते मुळात खराब, नाही तर दुरुस्त करणारा, माफ करा, त्यांचेच शब्द लिहिते, गिऱ्हाइकाला लुबाडणारा.

मला भांडायचं नाही. फक्त एवढंच विचारायचं आहे, मूळ काटा कुठे गेला? बाबांना विचारून उपयोग नाही. त्यांची आठवण गेली आहे.

आपली,
मृणालिनी विजयकर


भाग्योदय चाळ, तळमजला, लालबाग
१४ जानेवारी २००६

सौ. की कुमारी, जे असेल ते, मृणालिनीताई यांना,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून राग आला. दुसऱ्यांदा वाचून जास्त आला. तिसऱ्यांदा "आठवण गेली आहे" हे वाचलं आणि खाटेवर बसलो. आधी रागाचं लिहितो, म्हणजे मोकळा होईन.

तुमच्या फोर्टातल्या साहेबांना सांगा, तो काटा नकली नाही. तो माझ्या हातचा आहे. मार्च ८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन महिने झाले होते. मी साळखात्यातला, म्हणजे कापड विणायचे साचे चालवणारा माणूस. घड्याळांचा नाद पोरवयापासून. संपात घरी बसून काय करणार, म्हणून चिवडा गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली काचेची पेटी मांडली होती. तुमच्या बाबांच्या घड्याळाचा लांब काटा मोडून तीन तुकडे झाले होते. तसला काटा त्या वेळी मुंबईत कुणाकडे मिळायचा नाही, बाहेरून मागवायचा तर सहा महिने. आमच्या साच्याला फणी असते, केसांच्या फणीसारखीच, पण पोलादी पातींची. प्रत्येक फटीतून सूत ओवलेलं असतं. एक मोडकी फणी माझ्या घरी होती. तिची एक पात काढली, तीन दिवस घासली, वजन जुन्या तुकड्यांशी ताडून बघितलं, पांढरा रंग दिला आणि बसवली. चोवीस वर्षं चाललीय ना? मग झालं तर!

मूळ काट्याचे तीन तुकडे सोबतच्या पुडीत आहेत. काढलेला भाग गिऱ्हाइकाला पुडीत बांधून परत द्यायचा ही आमच्या धंद्याची रीत. साहेब म्हणाले होते, "ठेव तुझ्याकडे." मी ठेवला. आता तुमचा तुम्हाला.

खुणांचं म्हणाल तर घड्याळ उघडलं की खूण करायची. ज्यानं उघडलं त्यानं नाव लपवायचं नाही. एकोणीस वेळा उघडलं म्हणून एकोणीस खुणा, त्यात खोटं काही नाही.

राग संपला. आता सांगा, साहेबांचं काय झालंय? जेवतात ना? मला ओळखतील काय?

दत्ताराम पेडणेकर


हिंदू कॉलनी, दादर
२० जानेवारी २००६

श्री. दत्तारामकाका,
नमस्कार.

काका म्हटलेलं चालेल ना? पुडी उघडली आणि माझी मलाच लाज वाटली. औषधाच्या चिठ्ठीएवढ्या कागदात केसाएवढे तीन तुकडे, वर तुमच्या अक्षरात "कॅ. विजयकर, लांब काटा, मार्च ८२". चोवीस वर्षं तुम्ही ते सांभाळलेत आणि मी सरळ चोरीचा आळ घेतला. मनापासून क्षमा मागते. आणि कुमारीच आहे. माटुंग्याच्या कॉलेजात शिकवत होते, बाबांसाठी मागच्या वर्षी नोकरी सोडली.

संग्राहकांचा तुम्ही फार राग धरू नका. त्यांना या घड्याळाचं खरंच वेड आहे. दोन तास मला त्याची वंशावळ ऐकवत होते. म्हणे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ही घड्याळं निघाली तेव्हा विमानात संगणक नव्हता. इंधन किती उरलं, वाऱ्याविरुद्ध वेग किती, हे सगळं वैमानिक या रिंगवर काढायचा. पहिल्या घड्याळांच्या कडेला मण्यांसारखे बारीक दाणे, मग साठच्या दशकात त्याचे दाते झाले, आतल्या छोट्या तबकड्या काळ्याच्या पांढऱ्या झाल्या, सत्तरच्या दशकात घड्याळ वाढून बशीएवढं झालं. मग सेलची घड्याळं आली आणि याला कुणी विचारेना. आता पुन्हा तोच जुना चेहरा लावून नवी निघतात. पण मान जुन्यालाच! आमचं दाण्यांच्या कडेचं आहे, म्हणून ते हरखले. आकड्यांवरचा चमकणारा रंग पिवळा पडलाय तो तसाच हवा, ओरखडे तसेच हवेत, पॉलिश मारलं की किंमत उतरली. मी म्हटलं, चला, म्हातारपणाला मान देणारं कुणी तरी आहे.

बाबांबद्दल विचारलंत. सत्त्याहत्तर पूर्ण झाले. जेवतात, पण भरवावं लागतं. मला कधी मृणाल म्हणतात, कधी सिस्टर. बोलणं जवळजवळ थांबलंय. नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं.

घड्याळ का विकते आहे तेही सांगते, म्हणजे तुमचा माझ्याबद्दल गैरसमज नको. मला पैशांची तशी गरज नाही. ते घड्याळ बाबांना त्रास देतं. चावीचं आहे, रोज किल्ली फिरवावी लागते. मी सकाळी चावी दिली की ते चिडतात, मनगट कानाशी नेतात, टिकटिक ऐकू आली की डोळ्यांत पाणी येतं. मागच्या आठवड्यात माझा हात झटकला. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता, काका. आणि घड्याळ बंद पडलं की शहाण्यासारखे उठतात, चपला शोधतात आणि एवढंच एक स्पष्ट बोलतात, "बंद पडलंय. लालबागला जायचंय." मला वाटलं, त्यांना त्या घड्याळाची भीती बसली आहे. डोळ्यांआड केलं तर शांत होतील.

एक विचारू? दोन वर्षांत एकोणीस वेळा दुरुस्ती. एवढं काय बिघडायचं त्यात?

आपली,
मृणालिनी


लालबाग
२९ जानेवारी २००६

बाय मृणालिनी,

तू काका म्हटलंस, म्हणून मी अगंतुगं करतो. राग येणार नाही ना?

काहीच बिघडायचं नाही. पहिली खेप सोडली तर त्या घड्याळाला कधी काहीही झालेलं नव्हतं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुझे बाबा लालबागला कशाला आले होते ठाऊक आहे? मसाला कुटायला! विमानाचा कप्तान, कडक इस्त्रीचा सदरा, आणि हातात मिरच्यांची पिशवी. डंकावर बायकांची ही रांग. ह्यांना ठसका लागला, शिंकांवर शिंका, आणि हात जाऊन आपटला डंकाच्या लोखंडावर. तिथल्या बाया हसून हसून बेजार. कुणी तरी बोट दाखवलं, "तो बघा जिन्याखाली दत्ताराम, त्याच्याकडे जावा."

मी घड्याळ घेतलं आणि समोरच्या दातांत धरलं. वीस वर्षं साच्यांच्या धडधडाटात काढली, कान तेव्हाच अर्धे गेले होते. टिकटिक ऐकू येत नाही, पण दातांना कळते. साहेब ओरडले, "अहो, चावताय काय माझं घड्याळ!" पंधरा माणसं गोळा झाली. मी घड्याळ काढलं आणि म्हटलं, "काटा मोडलाय, पण यंत्राचं काळीज ठणठणीत आहे. चार दिवसांनी या." चार दिवसांनी आले, काटा चालवून बघितला, आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मी उगाच ओरडलो." एवढा मोठा माणूस! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

महिन्याभरानं पुन्हा हजर. "दत्ताराम, बंद पडलंय." मी किल्लीला दोन फेरे दिले, चाललं की! नुसती चावी दिलेली नव्हती. तोंडावर आलं होतं, पण आधी साहेबांकडे बघितलं. ते स्टुलावर बसले होते, दाढी नीट झालेली नव्हती, आणि उठायची काही घाई दिसत नव्हती. मी म्हटलं, "बघावं लागेल. बसा." आणि फुकटची मजुरी कशी घेणार? म्हणून उघडलं, पुसलं, तेलाचा थेंब घातला, खूण केली. तेव्हापासून तसंच. महिन्याला एकदा चावी न देता यायचे, मी उघडायचो. त्यांना ठाऊक की मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक की त्यांना ठाऊक आहे. परदेशातनं कार्ड टाकायचे, "घड्याळ पुन्हा बंद. सोमवारी येतो." आठ दिवस आधी कळायचं यांना, की सोमवारी बंद पडणार!

आणि बोलायचे. साळखात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, आम्ही सगळे ओठांवरून बोलणारे. साहेबांना ते फार आवडलं. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे आणि मी सगळं समजायचो. रस्त्यावरचे लोक बघायचे, दोन येडे नुसते तोंड हलवतायत. तुझ्या आईचं बोलायचे. तिच्या हातच्या संबाराचं, तिनं मसाल्याची यादी लिहून ठेवलेली त्या कागदाचं. ती शेवटी दवाखान्यात होती तेव्हा हे विमानात होते त्याचंही. तुझं पण सांगायचे, पोरगी रडत नाही म्हणून काळजी वाटते असं.

ते आवाज न काढता बोलतात म्हणालीस. डॉक्टरांना काय कळतंय. ते माझ्याशी बोलतायत गो.

दत्ताराम


हिंदू कॉलनी, दादर
६ फेब्रुवारी २००६

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून मी पंचेचाळिसाव्या वर्षी पोरीसारखी रडले. बाबांना बघवेना, त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

आई ८१ च्या दिवाळीत गेली. त्यानंतर बाबांनी घरात तिचं नाव काढलं नाही. एकदाही नाही! मला वाटायचं, विसरले. वाटायचं, विमानातून फिरणाऱ्या माणसाला घर कुठलं. मी त्यांच्यावर मनात वर्षानुवर्षं रुसून होते आणि ते लालबागला स्टुलावर बसून तिच्याबद्दल बोलत होते. त्या वर्षीचा मसाला मला आठवतो. इतका तिखटजाळ झाला होता की वर्षभर आम्ही दोघं नाक पुसत जेवायचो, आणि कुणी काही बोलायचं नाही.

काल मी चावी दिली नाही. दिवसभर शांत होते.

पण एक गोष्ट समजत नाही. शेवटची खूण ११ फेब्रुवारी ८४ ची आहे. त्यानंतर एकही नाही. बाबा निवृत्त व्हायला तेव्हा अजून तीन वर्षं होती, आम्ही याच घरात होतो. मग ते यायचे का थांबले?

संग्राहकांनी निरोप पाठवलाय. ते बाहेरून अस्सल काटा मागवायला तयार आहेत, तुमचा काटा काढून तो बसवायचा आणि मग घ्यायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुमचं उत्तर येऊ दे.

तुमची,
मृणालिनी


हिंदू कॉलनी, दादर
२७ फेब्रुवारी २००६

प्रिय काका,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. प्रकृती बरी आहे ना? माझं काही चुकलं का? वाण्याकडे फोन केला तर म्हणाला, "आहेत, पण कुणाशी बोलत नाहीत." संग्राहक ११ मार्चला शनिवारी येणार आहेत. त्यांना काय सांगू?

मृणालिनी


लालबाग
२ मार्च २००६

चि. मृणालिनीस चंपाकाकूचा आशीर्वाद.

मी ह्यांची बायको. चौथी शिकलेली आहे, चुकलं तर हसू नको. हे मी लिहिलं ते ह्यांना सांगू नको. तुझं पत्र आल्यापासून हे धड जेवत नाहीत, उशीखाली पत्र ठेवून आढ्याकडे बघत बसतात. विचारलं तर म्हणतात ऐकू येत नाही. सोयीचं बहिरेपण आहे, मला काय ठाऊक नाय?

तू विचारलंस साहेब यायचे का थांबले. दोष माझा आहे. संप दोन वर्षं ओढला होता. मी खाणावळीचे डबे करत होते, वीस माणसांच्या चपात्या. मन कडू झालं होतं बाय. चाळीत बायका बोलायच्या, दत्तारामाला कप्तान पोसतो. एक दिवस मीच ह्यांना म्हटलं, "घड्याळाक काय होता दर महिन्याक? साहेब तुमका भीक घालता आणि तुमी घेता." तोंडातून गेलं. त्या वेळी गिरणी कामगाराला भीक म्हणणं म्हणजे जिवंत माणसाला जाळणं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ह्यांनी चार लोकांसमोर घड्याळाची किल्ली करकर फिरवली, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चालतंय. एवढं विमान चालवता आणि चावी देता येत नाही? दान करायचं तर देवळात जावा." आणि पाठ फिरवली. साहेब तिथे उभे राहून काही तरी बोलले म्हणे. पण पाठ फिरवली की ह्यांना काय कळणार? वळून बघितलं तेव्हा साहेब गेले होते. शेवटची खूण त्या दिवसाच्या आधीच्या खेपेची असेल. त्या दिवशी घड्याळ उघडलं कुठे!

साहेब काय बोलले ते ह्यांना बावीस वर्षं कळलेलं नाही. झोपेत पण ओठ हलतात ह्यांचे. एकदा तुमच्या घरापर्यंत जाऊन आले, जिना चढले नाहीत. कप्तान रस्त्यात भेटले तर मी काय तोंड दाखवू म्हणतात. आणि आता तू लिहिलंस साहेबांना आठवत नाही. तर म्हणतात, ज्याला आठवत नाही त्याची माफी कुणाकडे मागायची.

तूच काय तो मार्ग काढ. साहेब मला मसाल्याचं प्रमाण विचारायचे, भला माणूस होता.

चंपाकाकू


हिंदू कॉलनी, दादर
६ मार्च २००६

प्रिय दत्तारामकाका,

मला सगळं कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर डोळे वटारू नका.

आता माझं नीट ऐका, म्हणजे वाचा. तुम्हाला वाटलं, बाबा तुम्हाला भीक घालायला यायचे. अहो, ते मागायला यायचे! आईबद्दल बोलायला या एवढ्या मुंबईत त्यांना एक माणूस नव्हता. त्यांच्या सोबतचे लोक ब्रिज खेळायचे, नातेवाईक "धीर धरा" म्हणायचे आणि घरात मी होते, तोंड शिवून बसलेली. तुम्ही त्यांना स्टूल दिलंत. महिन्यातून एकदा, आवाज न काढता, हवं ते बोलू दिलंत. मजुरीच्या नावाखाली कुणी कुणाला काय दिलं याचा हिशेब मला तरी तुमच्याच बाजूला जड दिसतो.

त्या दिवशी ते काय बोलले ते मलाही ठाऊक नाही. पण एवढं ठाऊक आहे, की रागावलेला माणूस बावीस वर्षांनी, स्वतःचं नावसुद्धा निसटलेलं असताना, रोज चपला शोधत तुमच्याकडे यायला निघत नाही. भांडण त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय, काका. लालबाग तेवढं उरलंय.

संग्राहकांना फोन केला. अस्सल काटा बसवला तर किंमत दुप्पट होईल असं ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, अस्सल आहे तोच आहे, आणि फोन ठेवला. माणूस वाईट नाही, त्यांनी तासाभरानं परत फोन करून विचारलं, "त्या काट्याची गोष्ट काय आहे?" सांगेन कधी तरी.

येत्या सोमवारी, १३ तारखेला, दुपारी चार वाजता मी बाबांना टॅक्सीनं घेऊन येते आहे. घड्याळ परवापासून बंद आहे. तुम्ही पेटी आणि स्टूल तेवढं काढून ठेवा. नाही म्हणायचं असेल तर पत्र टाका. पण ते सोमवारच्या आत पोचणार नाही असं बघा.

तुमची,
मृणालिनी


लालबाग
१४ मार्च २००६

बाय मृणालिनी,

काल तू विचारत होतीस, बाबा एवढा वेळ काय बोलले. तेव्हा मी "सांगतो नंतर" म्हणून चहाला उठलो. उठलो नसतो तर तुझ्यासमोर रडलो असतो. चंपानं आत जाऊन रडून घेतलं, तिला सोय आहे.

तू मला पाच दिवस छळलंस. माळ्यावरून पेटी काढली, काच पुसली, स्टुलाचा एक पाय हलत होता त्याला खिळा मारला. सकाळपासून तीनदा सदरा बदलला. चंपा म्हणाली, "नवरी बघूक येतत की काय?" टॅक्सी थांबली आणि साहेब उतरले तेव्हा मला वाटलं, हे नव्हेत. एवढासा झालेला माणूस. पण पेटी दिसली मात्र, तुझा हात सोडून सरळ चालत आले आणि स्टुलावर बसले. मनगट पुढे केलं. "दत्ताराम, बंद पडलंय." हे तू पण ऐकलंस.

पुढचं तू ऐकलं नाहीस, कारण आवाज नव्हता. मी काल एकदाही मान वळवली नाही गो. चहाचा कप चंपानं पुढे केला तरी बघितलं नाही.

आधी तुझ्या आईचं बोलले. मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते तिनं यादीत लिहिलं नाही, आता कुणाला विचारू, असं म्हणाले. मी म्हटलं, चंपाला विचारून सांगतो. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "ही सिस्टर फार चांगली आहे. माझ्या मुलीसारखी दिसते." हे वाचून वाईट वाटून घेऊ नको. मी म्हटलं, "साहेब, तीच मुलगी." तर म्हणाले, "हो? मग रडली का रे ती शेवटी?" मी म्हटलं, रडली. तेव्हा त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग मी घड्याळ दातांत धरलं. साहेब हसले. तू बघितलंस ना, कसे हसले! आणि पुढे वाकून, तुझ्याकडे चोरून बघत, ओठांनी म्हणाले, "दत्ताराम, घड्याळाला काही झालेलं नाही रे. मला बसायला जागा हवी. पोरीला सांगू नकोस."

सांगू नकोस म्हणाले होते, तरी सांगितलं. त्या दिवशी मी पाठ फिरवली तेव्हाही हेच म्हणाले असतील काय? आता कळायचं नाही. मी धरून चालतो, की हेच म्हणाले.

मी काय बोललो ते तू ऐकलंस, मोठ्यानेच बोललो, शेजारच्यांनी पण ऐकलं. "साहेब, मोठं काम निघालंय. ठेवून जावा. सोमवारी बघू." तुला वाटलं असेल, म्हातारा नाटक करतोय. नाटक नव्हे. तुम्ही गेल्यावर झाकण उघडलं. डोळ्याला भिंग लावूनही अक्षर वाकडं आलं, पण विसावी खूण केली आहे. फणीची पात अजून एका रेषेत सरळ आहे, तिला मी हात लावला नाही. पुसून, तेल घालून, पेटीत ठेवलंय.

२० तारखेला चार वाजता साहेबांना घेऊन ये. येताना तुझ्या आईची ती यादी आण, चंपा दगडफुलाचं लिहून देईल, यंदाचा मसाला कुटायचे दिवस आलेच आहेत. घड्याळ परत देईन ते साहेबांच्या हातात बांधून देईन. आणि घरी नेल्यावर चावी देऊ नको.

तुझा,
दत्तारामकाका